घरचा कागद आणि दफ्तरची नोंद



पावसाळ्याआधी घराची झाडलोट काढली की माळ्यावरच्या पेटीत एखादे जुने पत्र निघते. पिवळे पडलेले, घडीवर चिरलेले, मोडी अक्षरातले. आजोबा-पणजोबांच्या काळी जमीन दिल्या-घेतल्याचा त्यात मजकूर. घरात कोणी म्हणतो, चुलीत घाला. कोणी म्हणतो, आता भाऊबंदांना कोर्टात खेचतोच! दोघांनीही जरा दमाने घ्यावे.

पुणे शहरात पेशवे दफ्तर आहे. १८९१ साली बांधलेल्या इमारतीत जुने कागद, बहुतेक मोडीतले, रुमालांत बांधून जपले आहेत. पेशवाईत जमीन इनाम दिली की पत्राच्या शेवटी गावकामगारांना बहुधा ताकीद असे : याची नक्कल लिहून घ्या आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी इनामदाराला परत द्या. म्हणजे एक कागद घरी, दुसरा दफ्तरी. पुढे १८५२ च्या कायद्यान्वये इंग्रजांच्या इनाम कमिशनने लोकांचे दावे या दफ्तराशी ताडून पाहिले. ज्यांचा हक्क शाबीत झाला नाही, त्यांच्या जमिनीवर सारा बसला.

आजही कसोटी तीच. जमिनीचे बक्षीसपत्र, तसेच शंभर रुपये व त्यावरील किमतीचे खरेदीखत, १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे रजिस्टर व्हावेच लागते. चुलत्याने साध्या कागदावर 'जमीन तुला दिली' असे लिहून अंगठा केला, तर तेवढ्याने मालकी फिरत नाही. मृत्युपत्राचे मात्र निराळे. ते साध्या कागदावर, रजिस्टर न करताही चालते. पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच.

मग जुने पत्र जपायचे कशाला? ते वाट दाखवते म्हणून. त्यात गाव, साल, सर्व्हे नंबर, दस्ताचा नंबर सापडला, तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सूची पाहता येते, तहसील कचेरीत जुने फेरफार काढता येतात. शिवाय तीस वर्षांहून जुना कागद योग्य माणसाच्या ताब्यातून आला, तर त्यावरची सही व अक्षर खरे आहे असे कोर्ट धरून चालू शकते. मजकूरही खराच, असे मात्र नव्हे.

तेव्हा पत्राला चिकटपट्टी लावू नका, त्यावर पेन चालवू नका. फोटो काढून ठेवा. मोडी जाणणाऱ्या तिऱ्हाइताकडून वाचून घ्या. वाद असेल, तर अस्सल पत्र कोणाच्या हाती न देता नकला घेऊन वकिलाकडे जा.

आणि आपल्या नातवंडांवर ही पाळी आणू नका. वारसाने जमीन आली, की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवा आणि पोच घ्या. वारसांत बहिणींची नावे आली का, तेही पाहा. पेटीतला कागद आणि सरकारी दफ्तर एकच गोष्ट बोलू लागले, की भावाभावांतले निम्मे तंटे बांधावरच मिटतात.