‘ही विंडो बंद करू नये’

कितीतरी ऑफिसांमधल्या विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने शिरलात, तर एक काळी चौकट उघडी दिसते. तिच्यात पायथनचा प्रोग्रॅम चालू असतो. शेजारी नोटपॅडची फाइल: ‘ही विंडो बंद करू नये. लॉग ऑफ करू नये.’ याला आपण डिप्लॉयमेंट म्हणतो. माझ्या मते ही निव्वळ राखण आहे, आणि राखणदाराला तिचा पगार मिळत नाही.

या चौकटीचा जीव केवढा? ती कुणाच्या तरी लॉगिनला बांधलेली असते. त्याने लॉग ऑफ केलं की प्रोग्रॅम मेला. क्विक-एडिट चालू असताना चौकटीत चुकून क्लिक झालं, तर पुढची ओळ छापायला गेलेला प्रोग्रॅम तिथेच खोळंबतो, कुणी एंटर दाबेपर्यंत. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचे अपडेट येतात. ते बसवून सर्व्हर रीस्टार्ट झाला की चौकट गायब. मग रात्री फोन वाजतो, आणि तो मॅनेजरचा नसतो. टीममधल्या सगळ्यात नव्या पोराचा किंवा पोरीचा असतो.

इथे कुणीतरी म्हणतंच, ‘विंडोजच भिकार. लिनक्स घ्या.’ हा आळशी युक्तिवाद आहे. कुणी लॉगिन केलेलं नसतानाही चालणाऱ्या ‘सर्व्हिस’ची सोय विंडोज एनटीत १९९३ पासून आहे. लिनक्सवाले ज्याचा दाखला देतात ते सिस्टिमडी २०१० मधलं. आणि लिनक्सवर नोहप लावून घरी जाणारेही याच पंथाचे. दोष खिडकीचा नाही, ती उघडी टाकून जाणाऱ्यांचा आहे.

नीट करायला फार लागतंही नाही. नुसता पायथनचा प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून नोंदवला तर चालत नाही, हे खरं. ‘सुरू झालास का?’ या विंडोजच्या प्रश्नाला तो उत्तर देत नाही, आणि ३० सेकंदांनी १०५३ क्रमांकाचा एरर येतो. ते उत्तर देण्यासाठी एनएसएसएम किंवा विनएसडब्ल्यूसारखी फुकट अवजारं आहेत. मग रिकव्हरीत सांगायचं: पडलास तर पुन्हा उठ. लॉग फाइलमध्ये लिहायचे, वेगळं खातं द्यायचं, पाथ पूर्ण लिहायचे. दुपारभराचं काम.

टास्क शेड्युलरही चालेल, पण वाचून. त्यात ‘३ दिवसांपेक्षा जास्त चाललं तर थांबवा’ ही खूण आधीपासूनच केलेली असते. शुक्रवारी संध्याकाळी लावलेलं काम सोमवारी संध्याकाळी गुपचूप बंद पडतं, आणि मग म्हणायचं, ‘पायथन स्टेबल नाही.’ फोल्डर सांगितला नाही, तर प्रोग्रॅम आपल्या फाइली सिस्टिम३२ मध्ये शोधत बसतो.

‘अरे, छोटी स्क्रिप्ट आहे, एवढं कशाला?’ छोटी कुणासाठी? तीच स्क्रिप्ट दर दहा मिनिटांनी गोडाउनच्या ऑर्डरी उचलत असते. ती बंद पडली की ट्रक थांबतो, ड्रायव्हर थांबतो. कोडच्या ओळी मोजून कामाचं वजन ठरत नाही.

ही सवय आपल्याला कॉलेजातच लागते. चार वर्षं प्रॅक्टिकल केले. एक्सटर्नलसमोर आउटपुट दिसलं, जर्नलवर सही झाली, विषय संपला. आपण निघून गेल्यावरही प्रोग्रॅम चालू राहिला पाहिजे, हा प्रश्न व्हायव्हात कुणी विचारला नाही. नोकरीत पहिल्याच आठवड्यात तोच समोर येतो, आणि उत्तर म्हणून सीनियर नोटपॅडची फाइल दाखवतात.

ते उत्तर घेऊ नका. कंपन्यांनी नीट डिप्लॉय करायला एक दुपार द्यायला नकार दिला, की तीच दुपार तुमच्या झोपेतून वसूल होते. म्हणून एस्टिमेट देतानाच ती दुपार वेगळ्या ओळीत लिहा. आणि काम झालं की भर दिवसा, सगळ्यांना सांगून, सर्व्हर रीस्टार्ट करा. कुणीही लॉगिन करायचं नाही. प्रोग्रॅम आपसूक उठला, तर तो डिप्लॉय झाला. रीस्टार्ट करायचीच भीती वाटत असेल, तर तो सर्व्हर तुमच्यासाठी चालत नाहीये. तुम्ही त्याच्यासाठी जागताय.