अलाइनर डबीत, लेकरू लातूरला

वेडेवाकडे दात सरळ करायचे म्हणजे तारा बसवायच्या, एवढेच आपल्या घरांतून आजवर ठाऊक होते. आता दंतवैद्य ‘अलाइनर’ही सुचवतात. दातांच्या मापाची, पारदर्शक प्लॅस्टिकची पातळ खोळ असते ती. अमेरिकेत १९९७ साली स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने हा प्रकार रूढ केला. तोंडात काही घातले आहे हे सहसा दिसत नाही, म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना तो हवासा वाटतो. हसताना तोंडावर हात धरणाऱ्या मुलीला वर्गातले चिडवणे किती लागते, हे तिच्या आईला विचारावे. तेव्हा हा खर्च म्हणजे चैन, असे आम्ही म्हणणार नाही. पण तो तारांपेक्षा बहुधा जास्त असतो, आणि पाण्यात जायला एकच गोष्ट पुरते : अलाइनर तोंडाऐवजी डबीत राहणे.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो. हलका दाब सतत राहिला की एका बाजूचे हाड विरघळते, दुसऱ्या बाजूला नवे भरते आणि दात सरकतो. एका अलाइनरने दात फार तर पाव मिलिमीटर सरकतो. मग आठ-पंधरा दिवसांनी पुढच्या नंबरचा घालायचा. दाब निघाला की दात परत फिरू पाहतो. म्हणूनच डॉक्टर दिवसाचे २० ते २२ तास सांगतात. तारा दातांना चिकटवलेल्या असतात, मुलाच्या मनात असो वा नसो त्या आपले काम करतात. अलाइनर मात्र मुलाच्या हातात.

२२ तासांचा हिशेब एकदा मुलासमोर बसून मांडावा. उरले दोन तास. अर्ध्या अर्ध्या तासाची तीन खाणी म्हणजे दीड तास. बाकी अर्ध्या तासात चहा आणि दात घासणे. अलाइनर घालून साध्या पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही. गरम चहाने प्लॅस्टिक वाकते, रंग धरते, आणि साखर आत अडकून दात किडतात. म्हणजे चार वेळचा चहा नाश्त्यात आणि जेवणात बसवावा लागणार. अभ्यास करता करता रात्रभर फुटाणे-चिवडा खाणाऱ्याचे तास कुठे जातात, ते त्याला आपोआप कळेल.

खरी अडचण पुढे आहे. नांदेडचे लेकरू दहावीनंतर ‘लातूर पॅटर्न’साठी खोली करून राहते. आई नजरेआड, जेवण मेसचे. मेसमध्ये अलाइनर कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला की तो उष्ट्याबरोबर गेलाच समजा. डबी दप्तरात नव्हे, खिशात हवी. धुवायला गार पाण्याचा एक पेला पुरतो. २०१६ साली रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात हेही सांगितलेले बरे.

फोनवर ‘घातलास का रे?’ विचारले की ‘हो आई’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी कितवा नंबर चालू आहे, कडेला फट दिसते का, असे विचारावे. अलाइनर आणि दात यांत फट राहत असेल तर तास कमी पडत असावेत. पुढचा नंबर न घालता डॉक्टरांना दाखवावे. आणि मुलाने ‘चार दिवस घातला नाही’ असे कबूल केले तर बाबांनी पैशांचा हिशेब काढून ओरडू नये. एकदा ओरडा बसला की पुढच्या वेळी खरे सांगणार नाही, आणि बिघाड महिनाभराने कळेल. नवा नंबर घातल्यावर दोन-तीन दिवस ठणकते. तो रात्री झोपताना घालावा, दुसऱ्या दिवशी परीक्षा नसेल असे पाहून.

जयंतीचे दिवस आणि लग्नसराई वेगळी. सरबत, जेवण, पाहुणे, फोटो; अलाइनर सकाळी निघतो तो रात्रीपर्यंत बाहेरच. अशा दिवशी मावशी-आत्यांनी ‘खा गं, एक दिवसाने काय होते’ म्हणू नये, एवढी मदत पुष्कळ झाली.

आमचे स्पष्ट मत असे, की चष्मा-छत्री रोज विसरणाऱ्या मुलाला ताराच बऱ्या. त्यात कमीपणा काही नाही. तारा घट्ट करायला साधारण दर महिन्याला जावे लागते, म्हणून मूल जिथे राहणार तिथलाच डॉक्टर धरावा. लातूरला एमआयडीएसआर हे दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. उपचार ठरवण्याआधी तिथे खर्च विचारून यावा. निर्णयाच्या वेळी मूल शेजारी बसलेले असावे, आणि २२ तास जमतील का, हे डॉक्टरांनी त्यालाच विचारावे.

अलाइनर हरवला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. मागचा घालायचा की पुढचा, ते तेच सांगतील. म्हणून मागचा नंबर फेकू नये. सगळे नंबर संपले तरी दात जागेवर राहावेत म्हणून रात्री ‘रिटेनर’ घालावा लागतो, तोही वर्षानुवर्षे. बारावीनंतर मूल पुण्याला गेले, तर ती डबीही बरोबर गेली पाहिजे.