घोरण्याचं कौतुक

पग जातीचं कुत्रं झोपेत घोरायला लागलं की घरातली माणसं हसतात. "बघा, म्हाताऱ्यासारखो कसो घोरता!" आमच्या कणकवलीतही हल्ली हे ऐकू येतं. मला वाटतं, हे कौतुक आता थांबवायला हवं. ते घोरणं म्हणजे श्वास अडकल्याचा आवाज आहे.

कारण जन्मजात आहे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या चपट्या तोंडाचे नर-मादी निवडून ही जात वाढवली. कवटी आखूड झाली, पण आतलं मांस त्या मानाने कमी झालं नाही. नाकपुड्या चिंचोळ्या आणि टाळूचा मऊ भाग लांबून घशात लोंबणारा. मग हवा जाणार कुठून? कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. या बिचाऱ्याने जोराने धापा टाकल्या तर घशाला सूज येते आणि वाट आणखीच अरुंद होते. त्यात आपला कोकणातला मे महिना! दमट हवेत तोंडातली ओल लवकर सुकत नाही, म्हणजे धापांचाही उपयोग कमीच.

आपल्याकडे पग घरोघरी माहीत झाला तो 2003 च्या हचच्या जाहिरातीने. मुलगा पुढे आणि कुत्रा मागे. जाहिरात गोड होती, यात वाद नाही. पुढे 2007 मध्ये हचचं व्होडाफोन झालं, 2018 मध्ये पग पुन्हा पडद्यावर आला. मुलांनी हट्ट धरला, आईबापांनी पुरवला. पण त्या काही सेकंदांत धाप कुठे ऐकू येते?

कोणी म्हणेल, ऑपरेशन होतं ना! होतं. नाकपुड्या रुंद करतात, टाळू कापून आखूड करतात, बऱ्याच कुत्र्यांना आरामही पडतो. पण ऑपरेशन त्या एका कुत्र्याचं. त्याच्या पिल्लांना वारशाने तेच चपटं तोंड मिळतं. म्हणून नेदरलँड्समध्ये 2014 पासून फार आखूड तोंडाच्या कुत्र्यांची वीण करायला बंदी आहे. आपल्याकडे 2017 मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीसाठी नियम झाले, पण गिऱ्हाईक चपटंच तोंड मागत राहिलं तर नियम तरी किती पुरे पडणार?

ज्यांच्या घरी पग आहे त्यांनी त्याला जरूर जपावं. पहाटे फिरवावं, वजन वाढू देऊ नये, पट्टा गळ्याऐवजी छातीला बांधावा आणि पिल्लं मात्र काढू नयेत.

आणि आमच्या नातलगांपैकी जे नातवंडांसाठी पग घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी जरा थांबावं. आपल्या वाडीतलं लांब नाकाचं गावठी पिल्लू फुकट मिळतं. तेही मागे मागे येतं, आणि उन्हातून आलं तरी थोड्या वेळात शांत श्वास घेत पडवीत झोपतं.