प्रकाशकाचे नाव वाचून दाखवा

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकांकडे गेली की तासाभरात फोन सुरू होतात. ‘साहेब, निळी खिडकी आलीय, विंडोज पुढे जाऊ देत नाही.’ आपल्याकडून ठरलेले उत्तर जाते: ‘मोअर इन्फो’वर क्लिक करा, मग ‘रन एनीवे’ दाबा. मीही अनेक वर्षे हेच सांगत आलो आणि आज ते मला सलते. पतसंस्थेतल्या लेखनिकाला आपण त्या एका वाक्यात शिकवतो की धोक्याची सूचना वाचायची नसते. उद्या बिलाच्या नावाने ईमेलमधून आलेली फाइलही तो तशीच उघडेल.

या सूचनेचा संबंध इन्स्टॉलरवरच्या डिजिटल सहीशी आहे, पण ती सही सॉफ्टवेअर चांगले असल्याचे सांगत नाही. फाइल कोणाची आहे आणि सही झाल्यानंतर ती बदललेली नाही, एवढेच ती सांगते. २०१७ साली सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत घुसखोरांनी सही होण्याआधीच घातक कोड मिसळला. त्या इन्स्टॉलरवर निर्मात्याचीच अस्सल सही होती आणि तो सुमारे २२.७ लाख संगणकांवर पोचला. म्हणून ज्या यंत्रावर बिल्ड होते, त्यावर ईमेल, पायरेटेड साधने आणि कोणाचाही पेनड्राइव्ह चालू देणे मला अक्षम्य वाटते. जून २०२३ पासून सहीची खासगी किल्ली प्रमाणित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, हे चांगलेच झाले. पण ती किल्ली असलेले टोकन सदैव त्याच यंत्राला खोचलेले आणि पिन बॅच फाइलमध्ये लिहिलेला असेल, तर त्या हार्डवेअरचा उपयोग काय?

सहीचा क्रमही अनेक ठिकाणी चुकतो. आधी आपल्या ईएक्सई आणि डीएलएल फाइलींवर सही, मग पॅकेज, शेवटी इन्स्टॉलरवर सही. अनइन्स्टॉलर बहुतेक जण विसरतात. मग सॉफ्टवेअर काढताना ग्राहकाला ‘अननोन पब्लिशर’ दिसते. इन्स्टॉलर बनवणाऱ्या इनो सेटअपमध्ये अनइन्स्टॉलरवर सही करण्याची सोय आहे, ती वापरा.

सहीवरच्या टाइमस्टॅम्पकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष हवे. तो नसेल तर सहीच्या प्रमाणपत्राची मुदत संपताच जुन्या इन्स्टॉलरची सहीही बाद ठरते. तो असेल तर सही मुदतीच्या आत झाली होती याचा पुरावा राहतो. पूर्वी प्रमाणपत्रे ३९ महिन्यांपर्यंत मिळत, त्यामुळे चूक उशिरा उघडी पडे. १ मार्च २०२६ पासून ही कमाल मर्यादा ४६० दिवसांवर आली आहे. ग्राहकाच्या कपाटातला इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह त्याहून जास्त टिकतो. टाइमस्टॅम्प सर्व्हरने प्रतिसाद दिला नाही तर बिल्ड तिथेच अयशस्वी ठरवा. ‘आज असेच जाऊ दे’ म्हणू नका.

इतके करूनही नव्या प्रमाणपत्रावर निळी खिडकी काही काळ येत राहील, कारण ती दाखवणारी विंडोजची स्मार्टस्क्रीन सहीबरोबर ओळखही पाहते आणि ती डाउनलोड वाढतील तशी तयार होते. त्या काळात फोनवरच्या माणसाने एवढेच म्हणावे: ‘मोअर इन्फो उघडा आणि पब्लिशरपुढे काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा.’ आपल्या संस्थेचे नाव अक्षरशः जुळले तर पुढे जायचे. नाही जुळले तर फाइल पुसून टाका आणि आमच्याकडून नवी मागवा, असे सांगायचे. फोन अर्ध्या मिनिटाने लांबेल, तो लांबू द्यावा.