हाती कॅमेरा, दृष्टीचे काय?

१९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तो दादासाहेब फाळके यांनी घरालाच शाळा केल्यामुळे. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई शिकल्या, तीही संसाराचा गाडा ओढत. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६०ची. पण अल्पकालीन वर्ग देशभर नेण्याचा उपक्रम तिने २०१७मध्ये हाती घेतला. उशिराच म्हणायचे! आज मोबाईलमुळे कॅमेरा शाळकरी मुलाच्याही खिशात आहे. बटण त्याला दाबता येते. प्रकाश कुठून घ्यावा, चौकटीबाहेर काय ठेवावे, समोरच्याची परवानगी का घ्यावी, हे कोण शिकवणार? शाळांनी, मंडळांनी, बचतगटांनी सुट्टीत असे वर्ग भरवावेत. पहिला धडा आजीच्या मुलाखतीचा असावा, जात्यावरच्या ओव्या तिच्या कंठात आहेत तोवरच.