सायरन वाजला म्हणजे रुग्ण वाचला, असे नाही

सिनेमा-मालिकांमधली रुग्णवाहिका तुम्ही शेकडो वेळा पाहिली असेल. छपरावर दिवे फिरत असतात, सायरन कर्कश वाजत असतो, गाडी दवाखान्याच्या दारात थांबते आणि स्ट्रेचरमागे नातेवाईक धावत सुटतात. सायरन मध्येच बंद झाला, की आपण समजतो माणूस गेला. गाडीच्या आत काय चालले आहे, हे मात्र क्वचितच दाखवतात. माझे स्पष्ट मत आहे, की पडद्यावरच्या या सायरनने आपल्याला तीन चुकीचे धडे शिकवले आहेत आणि हरसूलसारख्या भागात ते जिवावर बेततात.

पहिला चुकीचा धडा : गोंगाट आणि रक्त असेल तरच तातडी. आपल्या भागात पावसाळ्यात मण्यार चावते, ती बहुतेक वेळा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दंश फारसा दुखत नाही, सूज नसते, कधी खूणही सापडत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. पक्षाघाताचेही तसेच. तोंड वाकडे होते, एक हात उचलत नाही, पण दुखत काहीच नाही. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन करावे लागते. इथून नाशिक गाठण्यात त्यातला किती वेळ जातो, याचा हिशेब तुम्हीच करा. तरीही ‘सकाळी बघू’, ‘आधी भगताकडे नेऊ’ असे म्हणत घरचे थांबतात, कारण समोर सिनेमातल्यासारखे काहीच घडत नसते.

दुसरा चुकीचा धडा : सायरन चालू म्हणजे उपचार चालू. सायरन बंद दिसला की नातेवाईक चालकावर चिडतात, ‘पेशंट सिरियस आहे, सायरन लावा ना!’ सायरनचे काम एकच, पुढच्या वाहनांकडे वाट मागणे. वाघेऱ्याच्या वळणांवर रात्री दोन वाजता तो कुणाकडे वाट मागणार? तो खड्डे बुजवत नाही. उलट त्या आवाजात डॉक्टरला स्टेथोस्कोपमधून छातीचे ठोके नीट ऐकू येत नाहीत, आणि हृदयविकाराचा रुग्ण आणखी घाबरतो. घाबरला की नाडी वाढते, हृदयावरचा ताण वाढतो. गाडी भरधाव असेल तर आत सलाईन लावणेही कठीण होते. सायरनमुळे वेळ तरी किती वाचतो? अमेरिकेतल्या ग्रीनव्हिल शहरात हे मोजले गेले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिवे-सायरनमुळे रुग्ण नेताना सरासरी ४३.५ सेकंद वाचल्याचे आढळले. मोठ्या शहराच्या कोंडीत फरक जास्त पडू शकतो, हे मान्य. नाशिकच्या द्वारका चौकात सायरन हवाच, आणि तिथे वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ते योग्यच आहे. पण सायरन कधी लावायचा हे चालकाला आणि आतल्या डॉक्टरला ठरवू द्या.

तिसरा धडा सर्वांत घातक : मदत गाडीबरोबर येते. पडद्यावर माणूस कोसळतो, सगळे रडतात आणि पुढच्याच दृश्यात सायरन ऐकू येतो. मधली मिनिटे कात्रीखाली गेलेली असतात. खऱ्या आयुष्यात माणूस त्याच मिनिटांत वाचतो किंवा जातो. हृदय बंद पडल्यावर छाती दाबली नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. पाड्यावर तेवढ्या वेळात जगातली कुठलीही रुग्णवाहिका पोचणार नाही. तिथे असता तुम्ही.

कुणी म्हणेल, सिनेमात एवढे काय शोधायचे, ती करमणूक आहे. पण करमणूक आणि सत्य यांचे वैर नाही. ‘ट्रॅफिक’ हा २०१६ चा हिंदी चित्रपट पाहा. मुंबईहून पुण्याला हृदय पोचवण्याची ती गोष्ट मूळ मल्याळम चित्रपटावर बेतलेली आहे, आणि त्यामागे २००८ साली चेन्नईत घडलेली खरी घटना आहे. तिथे हृदय वेळेत पोचले, कारण पोलिसांनी रस्ता आधीच मोकळा करून ठेवला होता आणि पलीकडे डॉक्टर तयार होते. जीव तयारीने वाचला, आणि चित्रपटालाही खरा थरार त्या तयारीतूनच मिळाला. मग आपल्या मालिकांना फोन लावणारा, छाती दाबणारा, फाट्यावर बॅटरी घेऊन उभा राहणारा माणूस दाखवायला काय हरकत आहे?

ते दाखवतील तेव्हा दाखवतील. तुम्ही एवढे लक्षात ठेवा :

१. १०८ ला लगेच फोन करा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. गाव, पाडा, जवळची शाळा किंवा मंदिर सांगा. रेंज नसेल तर कुणाला तरी रेंजच्या जागी पाठवा. एक माणूस फाट्यावर उभा करा.

२. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर कडक जमिनीवर उताणा झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबू नका.

३. साप चावला तर रुग्णाला चालवू नका, चावलेला भाग हलू देऊ नका, दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. आधी जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठा. थेट नाशिकच्या मोठ्या दवाखान्याचा हट्ट धरू नका. उपचार इथे सुरू करून, गरज असेल तर पुढे पाठवतात.

४. गाडी यायला फार वेळ लागणार असेल, तर १०८ वरच्या माणसाला विचारून मिळेल त्या वाहनाने निघा. जीपला सायरन नसतो, पण ती दारात उभी असते.