मैदान सर्वांचे असावे

दरवर्षी १२ जानेवारीला राष्ट्रीय युवक दिन साजरा होतो. महाविद्यालयांच्या सभागृहांत स्वामी विवेकानंदांच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण केला जातो. स्वामीजींचे फुटबॉलविषयीचे उद्गार एखादा वक्ता हमखास उद्धृत करतो आणि टाळ्याही पडतात. दुसऱ्या दिवशी मात्र अनेक महाविद्यालयांच्या मैदानांवर फुटबॉल नव्हे, तर दुचाक्यांच्या रांगा दिसतात. बलोपासनेचे गुणगान करणाऱ्या समाजाने या विसंगतीचा गांभीर्याने विचार करावयास हवा.

जिमखाना शुल्क प्रत्येक विद्यार्थ्याकडून घेतले जाते. त्याचा लाभ प्रामुख्याने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी निवडल्या गेलेल्या मूठभरांना होतो. कबड्डीच्या संघातून मैदानात उतरतात सात, खो-खोच्या संघातून नऊ. हजारोंच्या महाविद्यालयात उरलेल्यांच्या वाट्याला प्रेक्षकाची खुर्ची येते. निवडलेल्या खेळाडूंना उत्तेजन मिळालेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्याला कधीच पदक मिळणार नाही, ज्याचा दम पहिल्याच फेरीत लागतो, त्याला मैदानाची गरज इतरांहून अधिक आहे. पराभव पचविणे, सहकाऱ्यासाठी धावणे, पंचांचा निर्णय निमूटपणे स्वीकारणे हे संस्कार केवळ विजेत्यांनाच आवश्यक असतात काय?

महाराष्ट्राची परंपरा अशी नव्हती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम सिद्ध केले. त्याच वर्षी अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर मांडली. या कार्याच्या मुळाशी पदकांची गणना नव्हती. सायंकाळी आखाड्यात आणि मैदानात घाम गाळणारे असंख्य अनामिक तरुण होते. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी विजय मिळविला. शिखराचे कौतुक जरूर व्हावे. पण पायथा खचला तर शिखर किती काळ टिकेल?

खेळाइतकेच सामूहिक वादनाचे महत्त्व आहे. संघात घोषाचा प्रारंभ १९२७ साली झाला, तेव्हा रचना इंग्रजी लष्करी धाटणीच्या होत्या. पुढे स्वयंसेवकांनी भारतीय रागांवर आधारित रचना बांधल्या आणि भूप, शिवरंजनी, तिलंग यांच्या स्वरांवर संचलनाची पावले पडू लागली. आनक, पणव, वंशी, शंख, झल्लरी ही वाद्ये एकत्र वाजतात, तेव्हा कोणा एकाचे कौशल्य उठून दिसत नाही आणि दिसूही नये. वंशी वाजविणाऱ्याला आनकाचा ठेका ऐकावाच लागतो. मधल्या रांगेतल्या वादकाचे नाव कोणी विचारीत नाही. मात्र त्याचे पाऊल चुकले की सारी रांग बिघडते. अनुशासनाचा हा पाठ शंभर व्याख्यानांनी मिळत नाही.

‘आजच्या तरुणांना याची आवडच नाही’ हा आक्षेप पुण्यातील ढोल-ताशा पथके दरवर्षी खोटा ठरवितात. गणेशोत्सवापूर्वीचे कित्येक आठवडे महाविद्यालयीन युवक-युवती खांदे दुखेपर्यंत सराव करतात. तेथे ना गुण मिळतात, ना वेतन. आवाजाच्या अतिरेकावरील टीका योग्यच आहे. तथापि, जी शक्ती स्वेच्छेने एकत्र येते, तिला वर्षभर वळण देणारी व्यवस्था महाविद्यालयांनी उभी केली नाही, हे अपयश तरुणांचे नव्हे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांतील भिंत दूर करण्याचा संकल्प केला. त्यानुसार क्रीडा, राष्ट्रीय छात्र सेना, कला यांनाही श्रेयांक मिळू लागले आहेत. ही दिशा स्वागतार्ह आहे. परंतु श्रेयांक म्हणजे हजेरीपटावरील आणखी एक स्वाक्षरी झाली, तर कागद भरतील आणि मैदाने रिकामीच राहतील. सायंकाळचा एक तास सर्वांसाठी मोकळा ठेवणे, वर्गावर्गांत सामने भरविणे आणि प्रत्येक महाविद्यालयाचे स्वतःचे वाद्यपथक उभारणे यासाठी फार मोठा निधी लागत नाही. निश्चय आणि शिकविणारी माणसे लागतात.

अशी माणसे समाजात आहेत. घोषात वर्षानुवर्षे वादन केलेल्या कार्यकर्त्यांनी आठवड्यातून दोन तास जवळच्या महाविद्यालयाला द्यावेत; त्यासाठी कोणत्याही संघटनेचा फलक लावण्याची आवश्यकता नाही. पालकांचेही कर्तव्य आहे. प्रवेश घेताना निकालाची टक्केवारी आणि नोकऱ्यांचे आकडे विचारले जातात. त्यासोबतच ‘येथे सायंकाळी मैदानावर किती मुले-मुली असतात?’ हा प्रश्नही विचारावा. तो दहा घरांतून विचारला गेला, तरी मैदानातील दुचाक्या हलू लागतील.